चार सेकंद बाकी असतानाची शिट्टी

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार. कळंब.

नेमणुकीचं पत्र आलं. रविवारी नऊ तारखेला बारामतीत उपांत्य सामना, नीरा विरुद्ध पंचगंगा. या लीगमधल्या सगळ्या संघांना नद्यांची नावं आहेत. तीन पंचांत माझं नाव दुसरं. मुख्य पंच मेघना मॅडम, पुण्याच्या. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. बोलतात फार कमी, त्यामुळं त्यांना नेमकं किती येतं याचा अंदाज लागत नाही.

एकदा इथं लिहून ठेवतो, म्हणजे कुणी विचारलं तर तारखेनिशी सापडेल. मला हा खेळ कुणी शिकवलेला नाही. वालचंदनगरच्या वसाहतीत संध्याकाळी पोरं बास्केटबॉल खेळायची, मी तारेच्या बाहेरून बघायचो. नंतर नियमांचं इंग्रजी पुस्तक मिळवलं आणि शब्दकोश शेजारी ठेवून रोज एक पान असं वाचून संपवलं. पंचांच्या परीक्षेला तीनदा बसलो. पहिल्या दोन वेळा प्रश्नच संदिग्ध होते. पोटाचा धंदा लेथचा. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक माझ्या बोटांना कळतो, आणि तीच सवय डोळ्यांनाही आहे.

अंतिम सामना तेवीस तारखेला. उपांत्य फेरीत ज्यांचे गुण चांगले, ते पंच तिथं जाणार. आमच्या इंदापूर तालुक्यातून अजून कुणी गेलेलं नाही. मला तिथं उभं राहायचं आहे. बाकी काही मागणं नाही.

नीराच्या संघात शेळगावचा मल्हार आहे, रामहरीतात्यांचा धाकटा. सहा फूट चार इंच. शेडनेटमधल्या ढोबळी मिरचीत वाकून वाकून एवढा उंच कसा झाला देव जाणे. तालुक्यातला म्हणून त्याला एक दाणा जास्तीचा मिळणार नाही, हेही इथं लिहून ठेवतो.

९ फेब्रुवारी, रविवार. बारामती बसस्थानक, संध्याकाळी पावणेसात.

वालचंदनगरच्या गाडीला वेळ आहे. आताच लिहितो, नाहीतर तपशील सुटतात.

दोन हजारांच्या वर माणूस होता. मल्हारला इतक्या जवळून खेळताना आज पहिल्यांदा पाहिलं. दुसऱ्या डावात त्यानं डावीकडून उडी घेतली आणि वर गेल्यावर तो थांबला. खाली येण्याची वेळ झाली तरी येईना. चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, टोपलीत ठेवला, मग उतरला. माझ्या तोंडातली शिट्टी निसटून छातीवर आपटली. तेवीस वर्षं पंचगिरी करतोय, असं कधी झालं नव्हतं. कुणाच्या लक्षात आलं नसावं.

पंचगंगाचा यशराज बचावाला चिवट. गाजरासारख्या नारिंगी रंगाचे बूट घालून आला होता. तिसऱ्या डावात एका बुटाचा तळ उखडला, मॅनेजर पिशवी घेऊन पळत आला, त्यात दोन मिनिटं गेली. मी घड्याळात बघून नोंद केली.

शेवट असा. चार सेकंद बाकी. नीरा एका गुणानं मागं. मी टोपलीखालच्या सीमारेषेवर उभा. मल्हार मधून सुसाट आला. धाड असा आवाज झाला. यशराज पाठीवर घसरत माझ्या पायांशी आला. मी शिट्टी मारली, मूठ तळहातावर आपटून दाखवली, धडक देणाऱ्याचा फाउल. चेंडू टोपलीत पडला होता, ते दोन गुण रद्द. पंचगंगा जिंकली, ७८–७७. मल्हार एक शब्द बोलला नाही. दोन्ही हात कमरेवर ठेवून जमिनीकडं बघत राहिला.

खोलीत गेल्यावर मेघना मॅडमनी विचारलं, "समाधान सर, काय दिसलं?"

"धडक दिली त्यानं. उघड फाउल."

"हो. पण काय दिसलं?"

"सांगितलं की."

त्या पाणी प्यायल्या आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागल्या. दमल्या असाव्यात.

गाडी लागली.

१० फेब्रुवारी, सोमवार.

नीराच्या व्यवस्थापनानं तक्रार केली आहे. लीगच्या नियमाप्रमाणं सामन्याचा निकाल बदलत नाही, पण समिती चित्रफीत बघून पंचाला गुण देते. म्हणजे माझं अंतिम सामन्याचं गणित आता त्या एका शिट्टीवर आलं. बुधवारपर्यंत लेखी अहवाल मागवलाय.

मला काळजी नाही. बचाव करणाऱ्याचे दोन्ही पाय टोपलीखालच्या अर्धवर्तुळाबाहेर जमिनीवर हवेत, छाती समोर हवी, धडक छातीवर हवी. यशराजचे दोन्ही पाय जमिनीवर होते.

सकाळी झुंबरच्या टपरीवर चहाला गेलो.

"या, साहेब. शेळगावच्या पोराला आडवा केला म्हणं तुमी."

"फाउल होता."

"असंल की. आमाला काय कळतंय त्यातलं? पर एक इचारू का? पोरगं पुण्याचं असतं तर वाजवली असती का?"

"पुण्याचं असो नाहीतर पॅरिसचं."

"व्हय, व्हय. तुमी वाजवलीच असती." त्यानं चहात साखर जास्त टाकली. मला साखर चालत नाही, हे त्याला वीस वर्षांपासून माहीत आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार.

अहवाल पाठवला. तेजश्रीनं टाइप करून दिला. ती बारामतीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे आणि माझे अनुस्वार दुरुस्त करते. पूर्ण दीड पान. मुख्य भाग इथं उतरवून ठेवतो:

"मल्हार झेपावण्यापूर्वी यशराज स्थिर उभा होता. त्याचा डावा नारिंगी बूट टोपलीखालच्या अर्धवर्तुळाच्या रेषेपासून अंदाजे चार बोटं बाहेर, टाच पूर्ण टेकलेली. उजवा बूट त्याला समांतर. धडक छातीच्या मध्यभागी."

इतकं स्पष्ट दिसतंय की डोळे मिटले तरी बुटाची नाडी मोजता येईल. तेजश्री म्हणाली, "पप्पा, एवढं सगळं एका सेकंदात बघितलंत?" मी म्हटलं, बघायची सवय लागते. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "घरातला डबा समोर असून सापडत नाही ह्यांना." दोघी हसल्या. मीही हसलो.

१५ फेब्रुवारी, शनिवार. बारामती.

समितीपुढं बोलावलं. अध्यक्ष विजयसिंह सर, जुने खेळाडू, अजून खांदे दारात मावत नाहीत. छताला लावलेल्या कॅमेऱ्याचं चित्र तीनदा दाखवलं. वरून दोन डोकी, दोन जोड खांदे, मधली जागा. यशराज खिळून उभा आहे, मल्हार येतो, छातीवर आपटतो. शंकेला जागाच नाही.

"निर्णय शंभर टक्के बरोबर," विजयसिंह सर म्हणाले, आणि माझा अहवाल सगळ्यांपुढं उंच धरला. "आणि हे वाचा. बुटाचा रंगसुद्धा लिहिलाय ह्या माणसानं. असं निरीक्षण पाहिजे."

मेघना मॅडम मुख्य पंच म्हणून हजर होत्या. त्यांनी खिडकीकडं बघितलं.

अंतिम सामन्याची नेमणूक तिथंच हातात दिली. आयुष्यात इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. बाहेर येऊन उसाच्या ट्रॅक्टरांची रांग जाईपर्यंत रस्त्याकडेला उभा राहिलो, चौदा ट्रॉल्या मोजल्या, आणि प्रत्येक ट्रॉली मला सुंदर दिसली.

घरी येईपर्यंत मेघना मॅडमनी फोनवर एक चित्रफीत पाठवली होती. सोबत एक अक्षर नाही. अभिनंदन म्हणून पाठवली असेल. उद्या बघतो.

१६ फेब्रुवारी, रविवार.

चित्रफीत सीमारेषेवरच्या कॅमेऱ्याची आहे. माझ्या खांद्यामागून घेतलेली, सहा सेकंदांची.

पहिल्या वेळी मला काही वावगं दिसलं नाही. तेजश्री शेजारी बसली होती. ती म्हणाली, "पप्पा, ह्यात तर त्या चव्वेचाळीस नंबरची पाठच दिसतीय."

पंचगंगाचा चव्वेचाळीस नंबर, त्यांचा सगळ्यात थोराड गडी, धडकेच्या क्षणी माझ्या आणि त्या दोघांच्या बरोबर मधे आलेला आहे. पडद्यावर नुसता पांढरा बनियन आणि आकडा. मग धाड. मग त्याच्या पायांमधून यशराज घसरत बाहेर येतो, आणि माझा हात वर.

मी म्हटलं, कॅमेरा माझ्यापेक्षा खाली असेल. कॅमेरावाल्या पोराचा नंबर मिळवून फोन केला. त्यानं तिवईची उंची सांगितली, एक मीटर साठ. मी दारामागं उभा राहून हिच्याकडून स्वतःच्या डोळ्यांची उंची मोजून घेतली. एक मीटर साठ.

दुपारभर पुन्हा पुन्हा बघितली. तेराव्या वेळी यशराजचे पाय बघितले. बूट पांढरे आहेत. दोन्ही. तळ उखडल्यावर मॅनेजरनं पिशवीतून आणले ते. नारिंगी बूट तेव्हा बाकाखाली पडलेले असणार.

मग ही वही काढली. नऊ तारखेचं पान, बसस्थानकावर बसून तासाभरात लिहिलेलं. धाड असा आवाज झाला. यशराज घसरत आला. शिट्टी मारली. त्यात पाय नाहीतच. दहा तारखेला दोन पाय आले. बारा तारखेला त्यांना बूट आले, रंग आला, रेषेपासूनचं अंतर आलं, टाच टेकली.

मी खोटं लिहिलं नव्हतं. मला दिसत होतं. या क्षणीही दिसतं, नारिंगी, चार बोटं बाहेर. ते पाय मग आले कुठून? माझ्याच डोक्यात कुणीतरी बसून इतक्या अचूक मापाचे पाय बनवले, रंग दिला, उभे केले, आणि मला पत्ता लागू दिला नाही. अठ्ठावीस वर्षं लेथवर काढली, मला एवढा बिनचूक जॉब कधी जमला नाही. भीती वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त, मी नुसता थक्क होऊन बसलो. आणखी काय काय बनवून ठेवलं असेल त्यानं, तेवीस वर्षांत?

१७ फेब्रुवारी, सोमवार.

निर्णय बरोबर होता. समितीनं शंभर टक्के म्हटलंय. बरोबर म्हणजे बरोबर. मग उकरण्यात अर्थ काय?

१८ फेब्रुवारी, मंगळवार.

वर्कशॉपमध्ये दिवस गेला. पंपाच्या शाफ्टचे चाळीस नग. प्रत्येक नगाबरोबर तपासणीचं कार्ड जातं, त्यावर मायक्रोमीटरचं माप हातानं लिहायचं. मागच्या वर्षी एका ऑपरेटरनं न मोजताच सगळ्या कार्डांवर माप भरलं होतं. मी सगळे नग पुन्हा मोजले, सगळे बरोबर निघाले. तरी त्याच्यासमोर ती कार्डं फाडली. तो म्हणाला, "साहेब, जॉब तर बरोबर हायेत." मी म्हटलं, जॉब बरोबर आहेत, कार्डं खोटी आहेत.

आज सातव्या नगाला हे आठवलं. पुढं काम झालं नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार. शिवजयंतीची सुट्टी.

स्कूटर काढून शेळगावला गेलो. गावात मिरवणुकीची तयारी, झेंडे, ढोल. रामहरीतात्या शेडनेटच्या दारात क्रेट भरत होते. मला बघून उठले नाहीत.

"या समाधानराव. आता काय ऱ्हायलंय? मिरच्यांचा बी फाउल काढताव का?"

"मल्हार आहे का?"

"आत हाय. दोन दिसांनी जाईल परत. न्हाय गेला तरी चालतंय, तोडणीला माणूस मिळंना."

मल्हार आत झाडांच्या ओळीत वाकून मिरच्या तोडत होता. सरळ उभा राहिला तेव्हा डोकं वरच्या तारेला लागलं. "काका, तुमी?" म्हणाला आणि हात पँटला पुसले.

येताना वाटेत वाक्यं जुळवली होती. ऐनवेळी एकच आलं. "मल्हार, त्या सामन्यातला तो फाउल. मला दिसला नव्हता."

त्यानं विचारलं, "मंग वाजवली कशी?"

"आवाजावर. मधे चव्वेचाळीस नंबर होता."

त्यानं एक मिरची तोडून क्रेटमध्ये नीट ठेवली. "तो उभा व्हता, काका. मी उडालो तवाच कळलं. पर हवेत गेल्यावर वळता येत न्हाय."

"मग तू तेव्हा बोलला का नाहीस?"

"काय बोलू? खरंच व्हतं ते." मग तो म्हणाला, "पर एक सांगू का, राग मानू नका. दुसऱ्या डावापासनं तुमी माझ्याबिगर कुणाकडं बघितलंच न्हाय. आमच्यातली पोरं म्हणत व्हती, तुझा पाव्हणा हाय का वैरी?"

हे त्याचं म्हणणं मला बरोबर वाटत नाही. पंचाचं लक्ष चेंडूवर असतं आणि चेंडू बहुतेक वेळ त्याच्याकडं होता. तरी परत येताना कळंबच्या फाट्यापर्यंत तेच डोक्यात होतं.

निघताना तात्यांनी विचारलं, "काय म्हणला त्यो?"

"म्हणाला, फाउल होता."

"आसं व्हय." तात्यांनी एक पिशवी मिरच्या भरून स्कूटरला अडकवली. "घिऊन जा. भाजीला वंगाळ न्हाय."

२० फेब्रुवारी, गुरुवार.

पुरवणी अहवाल लिहिला. चार ओळी. धडकेच्या क्षणी माझी दृष्टी अडलेली होती. शिट्टी आवाजावरून दिली. बुटांबद्दलचा आणि पायांबद्दलचा मजकूर मी पाहिलेला नाही, तो मागं घेतो. निर्णय बरोबर ठरला, ते माझं कर्तृत्व नाही.

तेजश्रीनं टाइप केलं आणि बोट बटणावर ठेवून थांबली. "पप्पा, अंतिम सामना जाईल."

"माहीत आहे."

ही दाराशी उभी होती. म्हणाली, "पाठवायचं तर पाठवा, न्हायतर पाठवू नका. भाकरी गार व्हायलीय." पण ती तिथून हलली नाही.

पाठवलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार.

विजयसिंह सरांचा फोन. "अहो, बरोबर निर्णयावर कुणी माफी मागतं का? मी सगळ्यांसमोर तुमचं कौतुक केलं. आता मी काय सांगू?" मग आवाज उतरवून म्हणाले, "तुम्हाला मैदानावर घालता येणार नाही. राखीव पंच म्हणून टेबलाशेजारी बसा. कुणी जायबंदी झालं तरच आत."

संध्याकाळी मेघना मॅडमना फोन केला. विचारलं, "तुम्हाला केव्हा कळलं?"

"त्याच वेळी. मी समोरच्या बाजूला होते. तुम्ही त्या चव्वेचाळीसच्या मागं झाकले गेलात, मला तुमचा फक्त हात दिसला."

"मग समितीत बोलला का नाहीत?"

"निर्णय बरोबर होता, ते मी सांगितलं. काय दिसलं ते तुम्हीच सांगू शकत होता. मी दोनदा विचारलं होतं, सर."

खरं आहे. दोनदा विचारलं होतं. नऊ तारखेच्या पानावर आहे, माझ्याच अक्षरात.

२४ फेब्रुवारी, सोमवार. पहाट.

काल बारामतीतच अंतिम सामना झाला, गोदा विरुद्ध पंचगंगा. मी पूर्ण गणवेश घालून, शिट्टी गळ्यात अडकवून टेबलाशेजारच्या खुर्चीत दोन तास बसलो. जवळून जाणाऱ्या दोघांनी "हेच ते बुटवाले" असं म्हटलेलं ऐकू आलं. सुरुवातीला मान खाली होती. मग मेघना मॅडमच्या पायांकडं लक्ष गेलं, आणि नंतर मी दुसरीकडं बघू शकलो नाही.

खेळाडू जिथं आहे तिथं त्या बघत नाहीत. तो जिथं पोचणार आहे, तिथं दोन शरीरांमधली फट आपल्याला दिसेल अशी जागा त्या आधीच धरतात. दोन पावलं डावीकडं. कधी एकच, कधी नुसती टाच वळते. कुणी मधे आला की त्या आधीच सरकलेल्या असतात. दहा माणसं वाऱ्यासारखी धावतायत आणि ही एक बाई त्यांच्यामधल्या रिकाम्या जागांमागं चालतेय, न पळता, न घाई करता. तेवीस वर्षं मी नजर बारीक करत होतो. नजर पायात असते, हे मला पन्नाशीला आल्यावर दिसलं. अंगावर काटा आला तो सामना संपेपर्यंत गेला नाही.

शेवटच्या डावात तीन मिनिटं असताना टोपलीखाली चौघांचा घोळ झाला. मोठा आवाज आला. गोदाचा एक खेळाडू तोंडावर पडला. सगळं क्रीडागृह उभं राहून फाउल, फाउल ओरडायला लागलं. माझा हात आपोआप शिट्टीकडं गेला. मेघना मॅडम घोळापासून तीन हातांवर होत्या. त्यांनी शिट्टी वाजवली नाही. खेळ पुढं गेला. गोदाचा प्रशिक्षक पार रेषेपर्यंत येऊन काहीबाही बोलला, त्यांनी शांतपणे तळहात दाखवला. तो खेळाडू उठून पळाला. सामना पंचगंगानं सहा गुणांनी जिंकला.

नंतर खोलीत त्या बुटाच्या नाड्या सोडत होत्या. मी विचारलं, "त्या घोळात काय झालं होतं?"

"माहीत नाही."

"म्हणजे?"

"दिसलं नाही. माझी जागा चुकली तिथं. एक पाऊल कमी पडलं."

"दोन हजार लोक ओरडत होते."

"हो," त्या म्हणाल्या. "त्यांना दिसलं असेल."

एवढं बोलून त्यांनी बूट पिशवीत टाकले आणि केस सोडून पुन्हा बांधले. ना लाज, ना कसला आव. देशातल्या चांगल्या पंचांत जिचं नाव घेतात ती बाई, एवढ्या मोठ्या सामन्यात, सगळ्यांदेखत, 'मला दिसलं नाही' हे ओझं तोंडातल्या तोंडात घेऊन उभी राहिली, आणि आता मला सांगताना तिच्या कपाळाला एक आठी नव्हती.

मग त्यांनीच विचारलं, "त्या अहवालामुळं पुढच्या मोसमात पंचांची परीक्षा परत द्यावी लागेल तुम्हाला. देणार?"

मी म्हटलं, "देणार. पण आधी ती दोन पावलं शिकवा."

"उद्या सकाळी साडेसहाला मैदान उघडं असतं. शिट्टी आणू नका."

आता पावणेपाच झालेत. ही उठली आहे, पाणी तापतंय. पहिली गाडी साडेपाचची. शिट्टी खुंटीला अडकवून ठेवली आहे.